कबड्डी स्पर्धेला प्रायोजक मिळवायचा कसा आणि टिकवायचा कसा

स्पर्धा पंधरा दिवसांवर आली की मंडळाची चार पोरं फाइल काखेत मारून बाहेर पडतात. फाइलमध्ये लेटरहेडवरचं एकच पत्र आणि त्याच्या पन्नास झेरॉक्स. सराफाला तेच, बिल्डरला तेच, बँकेच्या मॅनेजरलाही तेच: 'आपण सढळ हस्ते सहकार्य करावे ही नम्र विनंती.' सराफ ओळखीखातर थोडेफार देतो, बिल्डर 'बघू' म्हणतो, मॅनेजर पत्रावर पोचेचा शिक्का मारून मोकळा होतो. अंतिम सामन्याच्या रात्री मॅटवाल्याचं भाडं कुणीतरी पदाधिकारी स्वतःच्या खिशातून भरतो आणि पुढे वर्षभर 'कबड्डीला कोण विचारतो' हे पालुपद ऐकू येतं.

लालबाग, प्रभादेवीपासून कांजूर, जोगेश्वरीपर्यंत कबड्डीला गर्दी होते आणि त्या गर्दीसमोर नाव झळकावं असं वाटणारे व्यावसायिकही त्याच वस्तीत असतात. घोळ होतो तो मागण्याच्या क्रमात. खालचा क्रम १६ संघांची, चार संध्याकाळींची, एका मैदानावरची स्पर्धा डोळ्यांसमोर ठेवून दिला आहे. तुमची स्पर्धा लहान असेल तर आकडे कमी करा, क्रम बदलू नका.

## १. पैसा कोणत्या खिशातून मागताय ते आधी ठरवा

देणगी, प्रायोजकत्व आणि सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामासाठी काढायचा पैसा) हे तीन वेगळे पैसे आहेत. देणारा माणूस वेगळा, लागणारे कागद वेगळे, मागायची वेळही वेगळी. मंडळांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते, कारण एकाच पत्रात तिन्ही मागितले जातात.

देणगी म्हणजे बदल्यात काहीही न मागता दिलेली रक्कम. वस्तीतला जुना खेळाडू, डॉक्टर, दुकानदार ती देतो. मंडळाकडे ८०जीची नोंदणी असेल तर त्याला आयकरात सवलत मिळू शकते, मात्र २,००० रुपयांच्या वरची रक्कम रोखीत दिली असेल तर ती सवलत नाही. नोंदणी नसताना 'साहेब, ८०जीची पावती देतो' असं तोंडातून काढू नका. त्याचा सीए मार्चमध्ये पावती बघेल आणि तुमचं नाव कायमचं खराब होईल. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांकही बदलले आहेत, तेव्हा पावतीपुस्तक छापायला टाकण्याआधी त्यावरचा मजकूर सीएकडून तपासून घ्या.

प्रायोजकत्व हा व्यवहार आहे. तुम्ही जागा, नाव, आवाज आणि गर्दी देता, समोरचा पैसे देतो. तो पैसा त्याच्या जाहिरातीच्या खर्चातून येतो. कंपनी असेल तर रक्कम देताना टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापू शकते. ५०,००० ठरले आणि खात्यात ४९,००० आले म्हणून फोन करून भांडू नका, ते १,००० तुमच्या पॅनवर जमा झालेले असतात. जीएसटीबाबत मंडळं उगाच घाबरतात. नोंदणीकृत न्यास किंवा संस्था असलेल्या मंडळाचा प्रायोजक कंपनी वा भागीदारी पेढी असेल, तर तो कर साधारणपणे तीच परस्पर भरते. याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. तरीही पहिल्या वर्षी सीएला एकदा विचारून ठेवाच.

सीएसआरबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत. कंपनी कायदा २०१३ नुसार ५०० कोटींचं नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक निकष ओलांडणाऱ्या कंपनीला गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्या कामांच्या यादीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण आहे. प्रशिक्षण, हे लक्षात घ्या. कंपनीच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही, आणि एखाद्या दिवसाचा सोहळाही बसत नाही. म्हणजे 'आमच्या चार दिवसांच्या स्पर्धेला सीएसआरमधून मुख्य प्रायोजक व्हा' या मागणीला नकारच येणार. शिवाय काम राबवणाऱ्या संस्थेला १२ए (संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावरच्या आयकर-सवलतीची नोंदणी), ८०जी, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी आणि साधारण तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. वर्षभर मुलामुलींचा सराव घेणाऱ्या मंडळाने मात्र हा दरवाजा जरूर ठोठावावा. त्याबद्दल शेवटच्या टप्प्यात.

तपासा: तुमच्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे 'देणगी', 'प्रायोजक' किंवा 'सीएसआर' यांतला एकच शब्द लिहिता येतो का? येत नसेल तर पत्र टाइप करायला बसू नका.

## २. कागद गोळा करा, निदान चार महिने आधी

डिसेंबर ते मार्च हा मुंबईतल्या स्पर्धांचा हंगाम. तारखा जानेवारीच्या असतील तर कागद सप्टेंबरात हातात हवेत. दिवाळीच्या तोंडावर दुकानदार तुमच्याशी बोलणार नाही आणि दिवाळी झाली की त्याचा जाहिरातीचा पैसा संपलेला असतो.

पहिला कागद संघटनेच्या मान्यतेचा. शहरात मुंबई शहर कबड्डी असोसिएशन, उपनगरात मुंबई उपनगर कबड्डी असोसिएशन, राज्यस्तरीय स्पर्धा असेल तर महाराष्ट्र राज्य कबड्डी असोसिएशन. मान्यता नसेल तर नोंदणीकृत खेळाडू उतरवायला संघ कचरतात आणि पंचांचाही प्रश्न येतो. प्रायोजकाच्या दृष्टीने तर तारखा पक्क्या असल्याचा हाच पुरावा. एकाच आठवड्यात शेजारच्या वॉर्डात दुसरी मोठी स्पर्धा लागली तर नावाजलेले संघ विभागले जातात, म्हणून तारीख संघटनेच्या कार्यालयात बसूनच ठरवा.

दुसरा गठ्ठा मंडळाचा: धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीचं प्रमाणपत्र, मंडळाच्या नावाचं पॅन, मंडळाच्या नावाचं बँक खातं, रद्द केलेला धनादेश, मागच्या वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि प्रायोजकत्व घेण्याचा ठराव, ज्यावर कोणाच्या सह्या चालतील ते लिहिलेलं असेल.

सावध: खजिनदाराच्या वैयक्तिक मोबाइलचा क्यूआर कोड प्रायोजकाला पाठवू नका. हेतू कितीही स्वच्छ असो, कंपनीचा लेखा विभाग तिथेच फाइल बंद करतो.

तिसरा गठ्ठा परवानग्यांचा. मैदान महापालिकेचं असेल तर वॉर्ड ऑफिस, मग स्थानिक पोलीस ठाणं, ध्वनिक्षेपक, रस्ता अडत असेल तर वाहतूक पोलीस, गॅलरी आणि मंडपासाठी अग्निशमन दल, तात्पुरती वीज. फलकांची परवानगी वेगळी, महापालिकेच्या परवाना विभागाची. ती मंडळं विसरतात, कारण आपल्याकडे फलक आधी लागतो आणि परवानगी नंतर आठवते. रस्त्यावरच्या बेकायदा फलकावर कंपनीचं नाव असेल तर विद्रुपीकरणाच्या कायद्याखाली तिच्यापर्यंतही बालंट जाऊ शकतं. मोठ्या कंपनीचा माणूस पहिल्याच भेटीत हे विचारतो. परवानगी काढा, तिचा क्रमांक फलकावर छापा आणि मुदत संपली की फलक उतरवा.

## ३. टेप घेऊन मैदानात जा

विकायला काय आहे हे मंडपात खुर्चीवर बसून कळत नाही. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. आखणीच्या मापात उभे राहा आणि तीन गोष्टी पाहा: कॅमेरा कुठे असेल, गॅलरी कोणत्या बाजूला असेल, गुणफलक कुठे असेल. कॅमेऱ्याच्या समोरची लांब बाजू ही तुमची सगळ्यात महाग जागा. कॅमेऱ्याच्या पाठची बाजू प्रेक्षकांना दिसते, पण यूट्यूबवर कधीच येत नाही. दोन्ही बाजू एकाच भावाने विकणारी मंडळं आहेत. पुढच्या वर्षी त्यातला एक प्रायोजक परत येत नाही, आणि त्याचं बरोबरच असतं.

मग यादी करा. स्पर्धेच्या नावाला जोडलेलं नाव, लांब बाजूचे फलक, गुणफलकाचा वरचा पट्टा, पंच आणि स्वयंसेवकांचे टी-शर्ट, पाण्याचा कोपरा, दिवसाचा मानकरी, उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, थेट प्रक्षेपणातला पट्टा, प्रवेशद्वाराची कमान, चषकाचा पाया.

चार गोष्टींना हात लावताना विचार करा.

खेळाडूंची जर्सी. व्यावसायिक गटातले संघ आपापल्या कंपनीच्या, बँकेच्या, रेल्वेच्या गणवेशात येतात. त्यांच्या छातीवर तुमच्या प्रायोजकाचं नाव लागणार नाही. 'सगळ्या खेळाडूंच्या अंगावर तुमचा लोगो' हे आश्वासन देऊन अंगाशी आलेली मंडळं कमी नाहीत. स्थानिक, कुमार, किशोर गटांना तुम्ही टी-शर्ट पुरवणार असाल तरच जर्सी विका, आणि त्या संघांना आधी विचारून.

मॅटवरचा स्टिकर. टीव्हीवर प्रो कबड्डीच्या मॅटवर नावं दिसतात म्हणून इथे फ्लेक्स कापून मॅटवर चिकटवला जातो. गुळगुळीत फ्लेक्सवर घाम पडला की चढाईपटूचा पाय सटकलाच. बोनस घेताना मागचा पाय हवेत असतो, पुढचा त्या फ्लेक्सवर. गुडघा गेला तर त्या पोराचा हंगाम गेला. मॅटवर नाव हवंच असेल तर खेळाच्या रेषांबाहेर, न घसरणाऱ्या छपाईत, आणि पंचप्रमुखांना दाखवून.

फलकांच्या फ्रेम. पकडीत खेळाडू लॉबी (मैदानाच्या कडेचा पट्टा) ओलांडून बाहेर फेकला जातो. लोखंडी अँगलची फ्रेम मैदानाला खेटून उभी असेल तर डोकं तिच्यावरच आपटणार. फलक मागे घ्या, पुढे फोम किंवा गादी लावा. जाहिरात दोन मीटर मागे गेली तरी कॅमेऱ्यात दिसते.

ध्वनिक्षेपक. चढाई ३० सेकंदांची असते आणि पंचाला चढाईपटूचा दम ऐकू यावा लागतो. चढाई चालू असताना निवेदकाने 'ही चढाई सादर करत आहेत अमुक ज्वेलर्स' असं ओरडायचं नाही. उद्घोषणेच्या जागा ठरवून द्या: लोण पडल्यावर (म्हणजे सगळा संघ बाद झाल्यावर), टाइमआउटमध्ये, मध्यंतराच्या पाच मिनिटांत, सामना संपल्यावर. एका सामन्यात मुख्य प्रायोजकाचं नाव किती वेळा, सहप्रायोजकाचं किती वेळा, हे निवेदकाच्या हातात कागदावर लिहून द्या. नावाचा उच्चारही लिहा. मालक समोर बसलेला असताना दुकानाचं नाव चुकीचं घेतलं गेलं, तर चार दिवसांची मेहनत त्या एका क्षणात वाया जाते.

## ४. कोणाकडे जायचं, कोणाकडे नाही

प्रायोजक मैदानापासून चालत पंधरा मिनिटांच्या टापूत शोधायला सुरुवात करा. सराफ, सहकारी बँक, पतसंस्था, क्लासेस, रुग्णालय, डेअरी, मसालेवाले, पुनर्विकासाचं काम चालू असलेला बिल्डर. यांना तुमच्याच गल्लीतलं गिऱ्हाईक हवं असतं. बँक आणि पतसंस्थेत मॅनेजरच्या हातात फार काही नसतं, विषय संचालक मंडळाच्या बैठकीत जावा लागतो, म्हणून तिथलं पत्र सगळ्यात आधी.

प्रत्येकाकडून रोख मागायची गरज नाही. रुग्णालयाकडून चार संध्याकाळी डॉक्टर आणि रुग्णवाहिका, डेअरीकडून खेळाडूंसाठी दूध-केळी, धोबी तलावच्या क्रीडासाहित्य विक्रेत्याकडून गुडघ्याचे पॅड किंवा बूट. वस्तू देणं त्यांना परवडतं आणि तुमच्या खर्चातली एक ओळ कमी होते. अशा वस्तूची किंमत लिहून घ्या, तिची पावती द्या आणि फलकावर नाव त्या किमतीच्या मानाने लावा.

तंबाखू आणि गुटख्याच्या जाहिराती, प्रायोजकत्व यांना २००३ च्या कायद्याने बंदी आहे. 'तंबाखूचं नाही, फक्त पान मसाल्याचं नाव लावा' असं म्हणत येणाऱ्यालाही नमस्कार करा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे. पूर्वी अशा ॲपचे पैसे घेतले असतील तर जुन्या संपर्काच्या भरवशावर यंदाचा खर्च आखू नका.

राजकीय नेत्यांचं काय? मुंबईत नगरसेवक, आमदार यांच्या पाठबळाशिवाय मैदान मिळणं कठीण, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना मान द्या, पण फलकाची जागा आधीच वेगळी ठेवा. व्यावसायिक प्रायोजकाला विकलेल्या लांब बाजूवर ऐन उद्घाटनाच्या सकाळी शुभेच्छांचा फलक चढतो, आणि तो उतरवायची कोणाची छाती होत नाही. कमान आणि मंचाची मागची बाजू नेत्यांसाठी, मैदानाच्या कडा प्रायोजकांसाठी, हे बैठकीत ठरवून लिहून ठेवा. आचारसंहितेच्या काळात तारखा येत असतील तर नेत्यांचे फलक मुळीच नकोत.

तपासा: यादीतल्या दोन प्रायोजकांचा धंदा एकच आहे का? दोन सराफ, दोन क्लासेस? एकाला 'या व्यवसायातले तुम्हीच' असं सांगायचं असेल तर दुसऱ्याकडे जायचं नाही. आणि बँकेला मुख्य प्रायोजक करताना व्यावसायिक गटात दुसऱ्या बँकेचा संघ उतरतोय का, तेही त्यांना आधीच सांगा.

## ५. भाव खर्चावरून काढा

आधी खर्च लिहा: मॅटचं भाडं, गॅलरी, दिवे, वीज, पंचमानधन, चषक, रोख बक्षिसं, जेवण, बाहेरगावच्या संघांची राहण्याची सोय, प्रक्षेपण, परवानग्यांचं शुल्क, सफाई. समजा बेरीज ४ लाख आली. मुख्य प्रायोजक दीड लाख, दोन सहप्रायोजक प्रत्येकी ६० हजार, म्हणजे २ लाख ७० हजार. उरलेले छोटे फलक, वैयक्तिक पारितोषिकं, वस्तूरूप मदत आणि देणग्यांतून. हे आकडे हिशेबाची पद्धत कळण्यापुरते आहेत, तुमचे वेगळे येतील.

घासाघीस होणारच. 'दीडचे एक करा' असं शेठ म्हणाले की रक्कम कमी करताना यादीतलं काहीतरी काढून घ्या, कमान किंवा प्रक्षेपणातला पट्टा. सगळं तेच ठेवून रक्कम उतरवली तर पुढल्या वर्षीचा भाव तुम्ही आजच पाडला.

रोख बक्षिसाची रक्कम पत्रकावर छापायची असेल तर ती खात्यात जमा झाल्यावरच. विजेत्या संघाला स्टेजवर थर्माकोलचा मोठा चेक देऊन महिनोन्‌महिने फिरवणाऱ्या मंडळांमुळे बाकीच्यांचीही पत जाते.

## ६. प्रस्ताव दोन पानांचा

मंडळाचा इतिहास, संस्थापकांचे फोटो, मिळालेले पुरस्कार यांना प्रस्तावात जागा एका ओळीची. उरलेलं पान आकड्यांना द्या. पहिल्या पानाचा नमुना असा:

'आमच्या मंडळाची पुरुष प्रथम श्रेणी स्पर्धा दि. … ते … या काळात … मैदानावर होत आहे. जिल्हा संघटनेची मान्यता मिळाली आहे, प्रत सोबत जोडली आहे. १६ संघ, बाद पद्धत, १५ सामने, चार संध्याकाळी. सायंकाळी ६ ते १०. गेल्या वर्षी रात्री साडेआठला गॅलरीत सरासरी … प्रेक्षक होते, मोजणीचे फोटो जोडले आहेत. आपल्या दुकानापासून मैदान … मिनिटांवर आहे. आपल्यासाठी राखून ठेवलेल्या जागा आणि त्यांचे दर मागील पानावर आहेत. उत्तर दि. … पर्यंत मिळावे, त्यानंतर या जागा इतरांना खुल्या होतील.'

१६ संघांचे १५ सामने चार दिवसांत बसतात का, हा हिशेब आधी स्वतः करा. पहिल्या फेरीचे ८ सामने दोन संध्याकाळी, तिसऱ्या दिवशी ४ उपउपांत्य, शेवटच्या दिवशी दोन उपांत्य आणि अंतिम. २०-५-२० मिनिटांचा सामना टाइमआउट धरून तासाभराच्या आसपास जातो, म्हणजे सहा ते दहा या वेळेत एका मैदानावर चारच सामने. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. महिला गट जोडायचा असेल तर दुसरं मैदान आखा किंवा एक दिवस वाढवा. हे गणित न जमलेल्या स्पर्धेत अंतिम सामना माइकशिवाय खेळला जातो आणि मुख्य प्रायोजकाचं नाव नेमकं तेव्हाच कोणाच्या कानावर पडत नाही.

मागच्या वर्षीचे आकडे नसतील तर नाहीत असं लिहा. '१० हजार प्रेक्षक' असं ठोकून दिलं तर शेठ मनात हसतात, कारण तेही त्याच गल्लीत वाढलेले असतात.

## ७. भेट

फोन करून वेळ घ्या. दोघांनीच जा, एक पदाधिकारी आणि एक खेळाडू किंवा प्रशिक्षक. आठ जण गेले की वर्गणीला आल्यासारखं दिसतं. दुपारी साडेतीन-चारची वेळ दुकानदाराला बरी, संध्याकाळच्या गिऱ्हाइकीच्या वेळी मुळीच नको. कागद हातात देऊन गप्प बसा, त्यांना वाचू द्या. पहिला प्रश्न बहुधा 'मागच्या वर्षी कोण होतं आणि यंदा का नाही?' हाच असतो. त्याचं खरं उत्तर तयार ठेवा. निघताना पुढचा फोन कोणत्या दिवशी करायचा तेवढं ठरवून निघा.

## ८. तोंडी होकारावर फ्लेक्स छापू नका

होकार आला की तीन दिवसांत एका पानाचं करारपत्र. त्यात रक्कम, हप्ते, मिळणाऱ्या जागांची यादी, फलक छापायचा खर्च कोणाचा, डिझाइन मंजूर करायची शेवटची तारीख, मंचावर कोण येणार, आणि स्पर्धा रद्द झाली वा पुढे गेली तर पैशांचं काय. ही शेवटची ओळ सगळे टाळतात. अवकाळी पाऊस, दुखवटा, आचारसंहिता, मैदानाची परवानगी ऐनवेळी मागे घेणं, मुंबईत यातलं काहीही घडू शकतं.

निम्मी रक्कम सहीच्या वेळी, उरलेली पहिल्या सामन्याच्या आधी. 'अंतिम दिवशी स्टेजवर देतो' याला हो म्हणू नका. किशोर गटातल्या मुलामुलींचे फोटो प्रायोजकाला जाहिरातीत वापरायचे असतील तर पालकांची लेखी संमती घ्या. स्पर्धेची फी भरली म्हणजे चेहरा विकला असं होत नाही.

तपासा: लोगोची मूळ फाइल मिळाली का? व्हॉट्सॲपवरून आलेला लोगो वीस फुटी फलकावर फाटतो.

## ९. चार संध्याकाळी

प्रायोजकांसाठी एकच माणूस नेमा. त्याच्याकडे पंच, जेवण, पार्किंग यातलं काहीही नको. करारपत्रातली यादी घेऊन तो रोज साडेपाचला मैदानाला फेरी मारतो: फलक जागेवर आहेत का, वाऱ्याने दुमडलेत का, कोणी वर दुसरा फलक बांधला का. प्रत्येक जागेचा फोटो, वेळेसकट. साडेआठला गॅलरीची मोजणी. एका पायरीवर किती माणसं बसतात ते मोजा, भरलेल्या पायऱ्यांनी गुणा, उभ्या गर्दीचा अंदाज वेगळा लिहा. रोज त्याच वेळी, त्याच कोपऱ्यातून.

थेट प्रक्षेपण यूट्यूबवर करत असाल तर मैदानात वाजणाऱ्या चित्रपटगीतांचा बंदोबस्त करा. गाण्याच्या हक्कामुळे व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओच उतरवला जाऊ शकतो, आणि प्रायोजकाच्या पट्ट्यासकट सगळं जातं. ढोल-ताशा किंवा हलगी लावा, वातावरणही त्यानेच तापतं.

सत्कारांना आवर घाला. उपांत्य सामना संपून अंतिम संघ अंग गरम करून उभे आहेत आणि मंचावर चाळीस मिनिटं शाल-श्रीफळ चालू आहे, हे दृश्य पाहिलं नाही असा मुंबईतला कबड्डीप्रेमी नसेल. खेळाडू गार पडतात, गॅलरी उठते, आणि घड्याळ दहाकडे सरकतं. प्रायोजकांचा सत्कार दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, दोन सामन्यांच्या मध्ये, दहा मिनिटांत उरका. मुख्य प्रायोजकाला शेवटच्या दिवशी नाणेफेकीला आणि चषक द्यायला बोलवा. त्याच्या घरच्यांना पहिल्या रांगेत खुर्च्या राखून ठेवा आणि त्या रिकाम्या राहू देऊ नका.

निकालाची बातमी त्याच रात्री वृत्तपत्रांना पाठवा: गुण, मध्यंतराची स्थिती, चमकलेले चढाईपटू आणि पकडपटू. प्रायोजकाचं नाव स्पर्धेच्या नावात असेल तर ते येण्याची शक्यता जास्त. वेगळी ओळ घुसडलीत तर उपसंपादक ती कापतो.

## १०. पंधरा दिवसांत अहवाल

बरीच मंडळं हा टप्पा करतच नाहीत. स्पर्धा संपली की मंडप उतरतो, पोरं झोपतात, आणि प्रायोजकाला पुढचा फोन थेट अकरा महिन्यांनी, पुन्हा पैशांसाठीच.

अहवाल चार-पाच पानांचा पुरे. करारातली प्रत्येक ओळ आणि तिच्यासमोर फोटो. रोजची प्रेक्षकमोजणी. प्रक्षेपण किती वेळा पाहिलं गेलं, त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह. कात्रणं. खर्चाचा गोषवारा. जे देता आलं नाही तेही लिहा: 'तिसऱ्या दिवशी वाऱ्यामुळे पूर्वेकडचा फलक दोन तास उतरवावा लागला.' हे वाचून रागावणारा व्यावसायिक क्वचितच भेटेल. टीडीएस कापला असेल तर त्याचं प्रमाणपत्र कधी मिळेल ते विचारून घ्या, देणगी असेल तर पावती याच भेटीत द्या. अहवाल व्हॉट्सॲपवर ढकलू नका, छापून हातात द्या.

## ११. स्पर्धेचा प्रायोजक वर्षभर हवा असेल तर

अहवाल देतानाच पुढचं बोला, पण पुढच्या स्पर्धेचं नको. रोजच्या सरावाचा महिन्याचा खर्च एका कागदावर काढा: मॅट, प्रशिक्षकाचं मानधन, बूट, आहार, दुखापतीवरचे उपचार, संघांचा प्रवास. मुली किती, मुलगे किती, आठवड्यातून किती दिवस, हजेरीवही कुठे आहे. स्थानिक व्यावसायिक यातली एखादी ओळ उचलू शकतो. मुलींच्या संघाचा आहार किंवा प्रशिक्षकाचं मानधन, असं काहीतरी ठळक.

सीएसआरसाठीही हाच कागद लागतो, फक्त त्यासोबत पहिल्या टप्प्यात सांगितलेल्या नोंदण्या हव्यात. प्रस्तावात फलक, लोगो, मंचावरचा मान यांचा उल्लेख करू नका, तसं केलंत की ते पुन्हा जाहिरातीचं प्रायोजकत्व ठरतं. मुलं किती, प्रशिक्षण किती तासांचं, वर्षअखेरीला काय मोजून दाखवणार, एवढंच लिहा. कंपन्यांची आखणी आर्थिक वर्षाप्रमाणे चालते, म्हणून हा अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत जायला हवा. नोंदण्या नसतील तर स्पर्धेचा हिशेब सीएकडे नेऊन द्याल त्याच दिवशी १२ए आणि ८०जीचे अर्ज भरायला सांगा आणि हजेरीवही आजपासून तारखेसह ठेवायला लागा.